हे बळ कोणासाठी?

पंडिता रमाबाईंविषयी महाराष्ट्रात दोन तऱ्हांनी बोलले जाते. एका तऱ्हेत त्यांची विद्वत्ता येते, विधवांसाठी काढलेले शारदा सदन येते, आणि १८८३ चा बाप्तिस्मा एका वाक्यात उरकला जातो. दुसऱ्या तऱ्हेत बाप्तिस्मा हीच सारी गोष्ट असते आणि त्याआधीची पंचवीस वर्षे प्रस्तावनेसारखी येतात. ज्या बाईने स्वतः आपल्या विश्वासावर पानेच्या पाने लिहिली, पत्रांतून वाद घातले, तिच्या विश्वासाबद्दल मोकळेपणाने बोलायला आपण का बिचकतो, हे मला कधी उमगले नाही. म्हणून हा संवाद.

बोलणारे दोघे निवृत्त शिक्षक आहेत, एकाच शाळेतले. सरांनी इतिहास शिकवला. ते देव मानत नाहीत आणि ते कोणापासून लपवतही नाहीत. बाई मराठी शिकवायच्या. नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या; रविवारची उपासना सहसा न चुकवणाऱ्या. ही दोन माणसे मी ऐकलेल्या अनेक माणसांतून घडवली आहेत. रमाबाईंविषयी ती जे सांगतात ते मात्र घडलेले आहे.

सर: बाई, तुमच्या मंडळीत रमाबाईंची गोष्ट अशी सांगतात की एक खचलेली विधवा होती आणि प्रभूनं तिला उभं केलं. माझी हरकत ‘खचलेली’ या शब्दालाच आहे. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. पुढे सगळं कुटुंब तीर्थं करत, पुराणं सांगत फिरलं. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली. उरलेली दोन भावंडं पायी देश तुडवत कलकत्त्याला पोचली आणि १८७८ मध्ये तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला ‘पंडिता’ म्हटलं, ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी जात ओलांडून बिपिनबिहारी मेधावींशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात लेक मनोरमा. आणि त्याच वर्षी ही बाई पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढते, ‘स्त्री धर्मनीति’ लिहिते, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन सांगते की या देशाला बायकांमधून शिक्षिका आणि डॉक्टर हवेत. हे धैर्य ख्रिस्तानं दिलं म्हणता? ख्रिस्त तर अजून यायचाय.

बाई: धैर्य दिलं असं मी म्हणणारच नाही. आमच्याकडे तसं सांगतात हे खरं, आणि ते मलाही आवडत नाही. ज्या मुलीनं उपाशीपोटी शेकडो कोस चालून भावाला साथ दिली तिला कोणी धैर्य शिकवायला नको होतं. पण सर, तुम्ही १८८२ वर थांबलात. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या कशासाठी?

सर: डॉक्टर व्हायला.

बाई: आणि झाल्या का? कानांनी घात केला. ऐकू येणं कमी होत गेलं आणि वैद्यकीचा रस्ता बंद झाला. आता त्यांची स्थिती बघा. पंचवीस वर्षांची बाई, आईवडील नाहीत, भाऊ नाही, नवरा नाही. लहान मुलगी बरोबर. परका देश. ज्या एका कामासाठी समुद्र ओलांडला ते काम हातातून गेलेलं. धैर्य भरपूर आहे, पण ते लावायचं कुठं? मी म्हणते तो प्रश्न हा आहे. हिंमत असलेली माणसंही वाट हरवतात.

सर: मग मी त्याच ठिकाणी तुम्हाला अडवतो. तुम्ही सांगता तशी एकटी बाई वाँटेजच्या मठात राहते, तिथल्या भगिनी तिचा सांभाळ करतात. तिच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत तिथंच आत्महत्या करतात. त्यानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ ला, मायलेकींचा बाप्तिस्मा होतो. इतिहासाचा विद्यार्थी याला धैर्य म्हणेल की एकाकीपणा?

मला वाटते, हा प्रश्न टाळून रमाबाईंवर लिहिणाऱ्याने लिहूच नये. बाईंनी तो टाळला नाही.

बाई: एकाकीपणा होताच. तो नव्हता असं दाखवून मी माझ्या विश्वासाची सेवा करत नाही. दुःखात माणूस देवाकडे वळतो, हे सगळ्या धर्मांत आहे. पंढरीच्या वाटेवरही निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या दुःखानं चालत असतात. पण नुसत्या एकाकीपणानं झालं असतं, तर त्यानंतर त्या मठात गुपचूप बसल्या असत्या. झालं उलट. त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून भांडल्या, चमत्कारांवरून भांडल्या, चर्चनं सांगितलेलं मानायचं की आपल्या सदसद्विवेकाला पटलेलं, यावरून भांडल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं. तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांचं आणि नवऱ्याचं उदाहरण काढलं: हिंदुस्थानातल्या त्या दोन पुरुषांना ज्याची लाज वाटली नाही ती यांना का वाटते? एका पुरोहितवर्गाच्या ताब्यातून सुटलेली बाई दुसऱ्याच्या ताब्यात जायला तयार नव्हती. ही सगळी पत्रं छापलेली आहेत. ती वाचून कोणी म्हणावं की या बाईंनी आसऱ्याच्या बदल्यात धर्म घेतला.

सर: पत्रं मी वाचली आहेत आणि ती मला फार आवडतात. पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. भांडली ती त्यांची बुद्धी. अनंतशास्त्र्यांनी दिलेली.

बाई: मग त्याच बुद्धीनं ख्रिस्ताला सोडलं का नाही? चर्चला प्रश्न विचारून त्या निघून जाऊ शकल्या असत्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, अमेरिकेत त्यांचं कौतुक झालं, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक आलं, बोस्टनमध्ये मदतीसाठी मंडळी उभी राहिली. आता वाँटेजवर त्या अवलंबून नव्हत्या. तरी विश्वास ठेवला. सर, यामागं एक गोष्ट आहे आणि ती त्यांनीच लिहून ठेवली आहे. इंग्लंडमध्ये भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं सांभाळत होते. रमाबाई थक्क झाल्या. शास्त्रं पढलेल्या बाई त्या. अशा बायकांना शिक्षा सांगितलेली त्यांनी वाचली होती, शुश्रूषा वाचली नव्हती. असं का करता, म्हणून विचारलं, तेव्हा एका भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी बाई विहिरीवर पाणी भरायला आली आहे. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नाहीत. आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो.

पाणी कोणाच्या हातचे प्यायचे आणि कोणाच्या हातचे नाही, हा प्रश्न काय असतो ते मराठी वाचकाला सांगायला नको. इंग्लंडात राहूनही शाकाहार न सोडणाऱ्या, चित्पावन घरात सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या रमाबाईंना ती कथा कुठे लागली असेल, हे त्या भगिनीला कळणे शक्य नव्हते. कथा वाचणारीला ती पापी बाईवरच्या दयेची होती. ऐकणारीला ती पाणवठ्याची होती. माझे हे अनुमान आहे. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्याकडे पाहून मी ते करतो आहे.

सर: गोष्ट सुंदर आहे. आणि नीळकंठशास्त्री गोऱ्यांची पत्रंही त्यांना पोचत होती. बाप्तिस्मा घेतलेला पंडित पंडितेला शास्त्रार्थानं पटवत होता. हे सगळं मी धरतो. पण तुम्ही म्हणता तशी दिशा १८८३ मध्ये बदलली असती, तर १८८९ मध्ये दिसायला हवी होती. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं ते कोणासाठी? उच्चवर्णीय विधवांसाठी. म्हणजे हंटर कमिशनच्या वेळी जे डोक्यात होतं तेच. धर्म बदलला, कार्यक्रम तोच राहिला.

बाई: तुमचं हे अगदी बरोबर आहे, आणि रमाबाईंनीही जवळपास हेच म्हटलं आहे. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, शारदा सदन चालू असताना. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आलं. तोही चर्चमध्ये उपदेश करत असताना आपल्यालाच विश्वास नाही हे ओळखणारा माणूस. त्यातून यांच्या मनात उलथापालथ झाली. आपण करतोय ते आपल्या बळावर, आपल्या बुद्धीवर, आपल्या पुण्यावर, हे ओझं उतरलं. आम्ही याला तारण म्हणतो. तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

सर: मी त्याला १८९३ म्हणेन. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं असं ठरलं होतं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं त्या भरवशावर सल्लागार झाली. आणि मग मुली रमाबाईंच्या खोलीत प्रार्थनेला बसू लागल्या. ‘केसरी’नं टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले, लोकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तुम्ही म्हणाल, त्यांनी कोणावर सक्ती केली नव्हती. मान्य. दार उघडं होतं इतकंच. पण ज्या बालविधवेला घरात कोणी प्रेमानं हाक मारली नव्हती, तिला मायेनं वागवणारी एकमेव बाई डोळे मिटून प्रार्थना करते आहे, तेव्हा उघडं दार पुरतं. सक्ती लागत नाही.

बाई: (थोड्या वेळानं) ओढ असते. ती नाकारणार नाही. ज्या माणसावर जीव जडतो त्याच्या देवाकडे मन जातं. मला त्यात फसवणूक दिसत नाही, पण त्या मुलींच्या आईबापांना भीती वाटली असेल तर ती मी खोटी म्हणणार नाही. तुम्ही मला एक सांगा. १८८२ मध्ये पुण्यात रमाबाई उभ्या राहिल्या तेव्हा मागं कोण होतं?

सर: रानडे. सुधारकांचा सगळा वर्ग.

बाई: आणि १८९३ मध्ये?

सर: कोणी नाही.

बाई: कोणी नाही. टीका करणारे विरोधक असते तर सोपं होतं. सोडून गेली ती आपली माणसं, ज्यांच्याबद्दल आदर होता. इंग्रज भगिनींचं आधीच बिनसलेलं. प्रार्थना बंद केली असती, निदान दार लावून घेतलं असतं, तर सगळे परत आले असते. त्यांनी दार लावलं नाही. चूक केली की बरोबर, ते तुम्ही ठरवा. पण माणूस इतका एकटा पडल्यावर कशाला टेकून उभा राहतो? बुद्धीला? बुद्धीनं तर तडजोड सुचवली असती, आणि ती वाजवी तडजोड असती.

इथे माझे बाईंशी पूर्ण जमत नाही. तटस्थतेचे वचन दिले होते, तर ते पाळायला हवे होते किंवा आधीच मोडून सांगायला हवे होते. सल्लागारांनी राजीनामे दिले यात त्यांचा दोष मला दिसत नाही. पण बाईंचा प्रश्न त्याने सुटत नाही. पाठिंबा असताना दाखवलेले धैर्य आणि पाठिंबा गेल्यावर टिकलेले धैर्य, ही दोन एकाच तराजूत घालता येत नाहीत. रमाबाईंच्या आयुष्यात ही दोन्ही आहेत आणि त्यांच्यामध्ये १८९१ आहे.

सर: पुढची गोष्ट मात्र मलाही थांबवते. १८९६-९७ चा दुष्काळ.

बाई: सांगा ना. तुम्ही सांगा.

सर: मध्य प्रांतात माणसं मरत होती आणि त्याहून वाईट म्हणजे पोरीबाळींना पळवून नेणारे लोक त्या भागात फिरत होते. शारदा सदनाचा व्याप सांभाळणारी बाई स्वतः तिथं गेली. खेडी, रस्ते, सरकारी अन्नछत्रं पाहत फिरली आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आली. इकडे पुण्यात, जिथं आता सदन होतं, प्लेग. नव्या मुलींना शहरात ठेवू देईनात. मग दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावला शेतजमीन घेतलेली होती, तिथं त्यांना हलवलं. ती जमीन का घेतली होती? तर बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षांचाच शब्द दिला होता, तो संपला की सदनाला स्वतःचं उत्पन्न हवं म्हणून. फळझाडं लावायची, ती विकायची. आणि त्या मळ्यावर एकाएकी शेकडो उपाशी मुली येऊन राहिल्या. याला मी योजना म्हणू शकत नाही. कोणत्याही हिशेबी माणसानं सांगितलं असतं, आधी पैसे, मग मुली.

बाई: पैसे कुठून येतील ते ठाऊक नसताना त्या गेल्या. त्या प्रार्थना करून गेल्या. तुम्हाला हे बोलणं भाबडं वाटेल.

सर: भाबडं नाही वाटत. पण दुसरं कारण माझ्यासमोर आहे. त्यांनी स्वतःच लिहिलंय ते. लहानपणी दुष्काळात वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. भाऊ म्हणाला, मी जात विसरून मजुरी करतो, पण हे करू नका. पुढे पंजाबात, झेलमच्या काठावर, अंगावर पांघरूण नाही म्हणून या दोघा भावंडांनी नदीकाठी खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून रात्री काढल्या. जिनं हे भोगलं ती दुष्काळाची बातमी ऐकून घरी बसेल? त्यासाठी ख्रिस्त कशाला लागतो? आठवण पुरेशी आहे.

बाई: दुष्काळ किती जणांनी भोगला, सर? तो भोगून माणसं दाणा साठवायला शिकतात, दार लावायला शिकतात. त्यात काही वाईटही नाही. आठवण माणसाला दोन्हीकडे नेते. आणि रमाबाईंना ती आठवण वीस वर्षं होतीच. ती घेऊनच त्यांनी उच्चवर्णीय विधवांचं सदन काढलं. १८९७ मध्ये त्या ज्या मुली घेऊन आल्या त्यांच्या जाती कोणी विचारल्या? कुणबी होत्या, त्याखालच्या होत्या, रोगी होत्या, बिघडवलेल्या होत्या. केडगावला पुढे कृपा सदन निघालं ते फुलहॅमला पाहिलेल्या बायकांसारख्यांसाठी. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली, मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर केडगावला दोन हजारांच्या घरात माणसं होती. विहिरी खणल्या, माग लावले, छापखाना घातला, आणि खिळे जुळवणाऱ्या, कागद छापणाऱ्या मुलीच. मी म्हणते ती दिशा ही. धैर्य तेच होतं, अनंतशास्त्र्यांच्या घरातलं. पण ते आता कोणासाठी वापरायचं, त्याचं कुंपण गेलं होतं.

सर यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग ते बोलले ते या विषयातले सर्वांत अवघड वाक्य होते, आणि ते बोलले जावे असे मला वाटत होते.

सर: त्या मुलींचा बाप्तिस्मा झाला. जिचं पोट तुमच्या हातात आहे तिच्या ‘हो’ला किंमत काय?

बाई: माझी पणजी त्यांच्यातली.

सर: मला माहीत नव्हतं.

बाई: मी कधी बोलले नाही. आमच्या बाजूला पुष्कळ घरांत अशी एखादी पणजी असते. ती कुठल्या गावची, तिचं आधीचं नाव काय, हे घरात कोणाला ठाऊक नाही. तिच्या ‘हो’ची किंमत तुम्ही विचारता. विचारायला हवीच, मंडळींनीही स्वतःला विचारायला हवी. भुकेल्या मुलीचा होकार हा स्वतंत्र माणसाचा होकार नसतो. पण मग पुढचं आयुष्य? ती लिहायला शिकली. मागावर बसली. लग्न झालं. मुलींना शाळेत घातलं. म्हातारपणी, खाऊनपिऊन सुखी असताना, पहाटे उठून गुडघे टेकायची असं आजी सांगायची. तेव्हा तिचं पोट कोणाच्या हातात नव्हतं. तो होकार तरी तिचा धराल की नाही? पहिला होकार रमाबाईंनी घेतला असेल. नंतरचे तिनं रोज दिले.

सर: धरतो.

बाई: आणि एक. तिच्या वतीनं ज्यांना आज राग येतो त्यांच्यातलं कोणी १८९७ मध्ये तिला घ्यायला गेलं नव्हतं. हे मी तुम्हाला टोचायला म्हणत नाही. हे असं झालं, इतकंच.

सर: मग मीही एक सांगतो. धोंडो केशव कर्वे. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे हिंगण्याला नेला, महिला विद्यापीठापर्यंत गेले. धर्म न बदलता. समाजात राहून, समाजाच्या शिव्या खाऊन, वर्गणी गोळा करत पायी फिरून. धैर्याला ख्रिस्त लागत नाही, याचा कर्व्यांहून मोठा पुरावा नाही. आणि त्यांचं काम जास्त घरांत पोचलं, कारण लोकांनी त्यांना परकं मानलं नाही.

बाई: कर्व्यांना माझा नमस्कार. त्यांच्या पत्नी गोदूबाई शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींतल्या, हे तुम्हाला सांगायला नको. आश्रमही सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवांचाच होता. शारदा सदनही तसंच होतं हे मी मघाशी कबूल केलं. मी असं कधीच म्हणणार नाही की ख्रिस्ताशिवाय माणसाला हिंमत येत नाही. जोतीराव फुल्यांना आली. सावित्रीबाईंना आली. आणि फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली, तेव्हा ते काही ख्रिस्ती झाले नव्हते. माझं म्हणणं रमाबाईंपुरतं आहे. त्यांना बळ कुठून मिळालं असं त्यांना विचारलं, तर त्या ख्रिस्ताचं नाव घेतात. पुन्हा पुन्हा घेतात. आपण दोघं त्यांना इतकं मानतो, तर त्यांच्या या एकाच उत्तराला का मानू नये? स्त्रियांबद्दल त्या बोलतात ते साक्ष म्हणून धरायचं आणि देवाबद्दल बोलतात ते भाबडेपण म्हणून सोडायचं, हा अन्याय आहे.

सर: त्यांनी तसं मानलं हे मी इतिहास म्हणून मानतो. त्या मानण्यातून काम उभं राहिलं, हेही. त्यापुढे मी येऊ शकत नाही.

बाई: मला तेवढ्यानं समाधान नाही, सर. पण तुम्ही प्रामाणिकपणे आलात तेवढं आलात.

यानंतर बोलणे प्लेगकडे वळले. विश्वासामुळे रमाबाई इंग्रज सरकारच्या मिंध्या झाल्या, असा एक समज आहे, आणि तो सरांनीच खोडला. १८९७ मध्ये प्लेगच्या नावाखाली पुण्यात जे चालले होते त्यात सदनातल्या एका मुलीला इस्पितळात नेले गेले आणि तिथे तिची राखण झाली नाही. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारला जाहीर जाब विचारला. सरकारला ते झोंबले. ज्यांनी त्यांना चार वर्षांपूर्वी परकीयांच्या हस्तक ठरवले होते त्यांच्याइतक्याच, किंबहुना जास्त स्पष्टपणे, त्या परकीय सत्तेविरुद्ध बोलल्या. १८८९ च्या मुंबई काँग्रेसलाही त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या. धर्म बदलला म्हणजे देश बदलला असे त्यांनी स्वतः कधी मानले नाही.

सर: शेवटचं काम मला सगळ्यांत जास्त त्यांचं वाटतं. बायबलचं भाषांतर.

बाई: हो. पन्नाशीकडे झुकलेली, कानांनी अधू बाई हिब्रू आणि ग्रीक शिकते, कारण तिला हाताशी असलेलं मराठी बायबल केडगावच्या मुलींना कळेल असं वाटत नाही. संस्कृत जिच्या जिभेवर खेळत होतं तिनं संस्कृत शब्द बाजूला ठेवले. जी भाषा दळणकांडण करणारी बाई बोलते ती घेतली. ज्या विद्येसाठी कलकत्त्यानं तिला सरस्वती म्हटलं ती विद्या तिनं आडवी येऊ दिली नाही. सर, हे मला दुष्काळात जाण्याइतकंच धाडसाचं वाटतं. विद्वानाला आपली विद्वत्ता दाखवायची नाही असं ठरवायला काय लागत असेल?

सर: आणि मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या.

बाई: जुलैत. चाळिशीत. आईनंतर केडगावची मुक्ती ही संस्था चालवायला तयार झालेली मुलगी. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. त्यानंतरही त्या प्रुफं तपासत राहिल्या. त्या दिवसांत त्यांना काय वाटलं असेल ते मी सांगणार नाही, त्यांनीही फारसं सांगितलं नाही. पण काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या तेव्हा भाषांतर झालेलं होतं.

सरांनी यावर वाद घातला नाही. घालण्यासारखे काही नव्हते म्हणून नव्हे; मनोरमाच्या मृत्यूनंतर काम करत राहणे हेही स्वभावाने समजावता येते, असे त्यांनी मला नंतर सांगितले. त्यांचे मत बदललेले नाही. बाईंचेही नाही. माझ्यापुरते सांगायचे तर, रमाबाईंचे धैर्य आईवडिलांच्या घरातून आले आणि त्याला केडगावपर्यंत नेले ते त्यांच्या ख्रिस्तावरच्या विश्वासाने, असे मला कागदपत्रांवरून दिसते. शारदा सदन त्या विश्वासावाचूनही निघाले असते. कृपा सदन निघाले असते असे मला वाटत नाही.

वाचकाला एक विनंती. रमाबाईंबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेले बाजूला ठेवून आधी त्यांनी स्वतः लिहिलेले वाचा. ‘स्त्री धर्मनीति’ वाचा, अमेरिकेचे प्रवासवृत्त वाचा, वाँटेजची पत्रे वाचा, आणि १९०७ ची साक्षही वाचा, विशेषतः तुम्ही सरांच्या बाजूचे असाल तर. बाईंच्या बाजूचे असाल तर पत्रे दोनदा वाचा. केडगावला मुक्ती मिशन आजही चालू आहे. त्यांच्या हातचे मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.